रक्त पिणारी भुतं आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वाक्यं थोडी नीट केली आहेत, बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



संचालक मंडळानं मला विषय दिला होता ‘आरोग्य आणि आपण’. मी आरोग्य खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं क्षयरोगाच्या कामात गेली, तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला येणं साहजिकच होतं. पण चार दिवसांपूर्वी आपल्या वसाहतीतल्या पोरांनी मला गेटजवळ अडवलं. म्हणाली, “आजोबा, आरोग्यावर नका बोलू, झोप येते. व्हॅम्पायरवर बोला.” मी म्हटलं, बाबांनो, ते काय असतं? तर मोबाईल काढून दाखवलं. काळा झगा, पांढराफटक चेहरा, दोन सुळे आणि ओठाच्या कडेला रक्त. रात्री थडग्यातून उठतो, माणसाच्या मानेला चावतो, रक्त पितो, आणि ज्याचं रक्त प्याला तोही मग तसाच होतो.

मी घरी जाऊन विचार करत बसलो. आणि खरं सांगतो मंडळी, मंडळानं दिलेला विषय आणि पोरांनी दिलेला विषय एकच निघाला. तो कसा, तेच आज सांगायचं आहे.

आधी हा पाहुणा आला कुठून ते बघू. ड्रॅक्युला नावाची कादंबरी 1897 साली आली. ब्रॅम स्टोकर नावाच्या आयरिश लेखकानं ती लिहिली. पण या भुताची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, आणि ती कादंबरीतली नाही, सरकारी कागदावरची आहे. 1725 सालची. युरोपात सर्बिया नावाचा मुलूख आहे, तिथे किसिल्येवो नावाचं खेडं. गावातला पेटार ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला. त्याला पुरलं. त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली. मरणाऱ्यांनी सांगितलं म्हणे, की पेटार रात्री येऊन आमच्या अंगावर बसतो, गळा दाबतो. गाव हादरलं. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं. गावकरी सरकारी अधिकाऱ्याला म्हणाले, थडगं उकरायची परवानगी द्या, नाहीतर आम्ही गाव सोडून जातो. अधिकारी स्वतः गेला. थडगं उकरलं, तर प्रेत फारसं सडलेलं नाही, केस-नखं वाढल्यासारखी, आणि तोंडाजवळ रक्त! गावकऱ्यांनी छातीत खुंटी ठोकली आणि प्रेत जाळून टाकलं. अधिकाऱ्यानं रीतसर अहवाल लिहिला, तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. पुढे 1732 साली मेद्वेजा नावाच्या दुसऱ्या खेड्यातला असाच अहवाल लष्करी डॉक्टरांच्या सहीनं निघाला. तिथून हा शब्द युरोपभर पसरला.

आता त्या अधिकाऱ्यानं जे पाहिलं ते खोटं नव्हतं. त्यानं लावलेला अर्थ खोटा होता. ज्यांनी शवविच्छेदनाच्या खोलीत काम केलंय त्यांना हे ठाऊक असतं. मेल्यावर शरीरात वायू तयार होतो, पोट फुगतं, आणि त्या दाबानं पातळ झालेलं काळपट रक्त तोंडा-नाकातून बाहेर येतं. कातडी आक्रसते, म्हणून नखं-केस वाढल्यासारखे दिसतात. थंड जमिनीत पुरलेलं प्रेत बरेच दिवस टिकतं. फुगलेल्या छातीत खुंटी ठोकली, की आतली हवा घशातून निघते आणि कण्हल्यासारखा आवाजही होतो. म्हणजे बघा, डोळ्यांनी पाहिलेलं सगळं खरं, आणि तरी भूत नाही.

ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा, तिनं 1755 साली या प्रकरणाचा छडा लावायला आपल्या राजवैद्याला, गेरार्ट फान स्विटन याला सांगितलं. त्यानं स्पष्ट लिहून दिलं, की हा सगळा अज्ञानाचा खेळ आहे. राणीनं फर्मान काढलं: यापुढे असल्या कारणासाठी थडगं उकरायचं नाही, प्रेताची विटंबना करायची नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा तो अंधश्रद्धेविरुद्धचा कायदाच म्हणायचा. आपल्याकडच्या कायद्यावर मी नंतर येतोच.

तुम्ही म्हणाल, जुन्या काळची अडाणी माणसं, त्यांचं काय एवढं. तर मग अमेरिकेतली गोष्ट ऐका. ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर नावाचं गाव. ब्राऊन आडनावाचं शेतकरी कुटुंब. 1883 साली घरातली आई गेली. पुढच्याच वर्षी मोठी मुलगी गेली. मग काही वर्षांनी मुलगा, एडविन, आजारी पडला. खोकला, ताप, अंग वाळत चाललेलं. 1892 च्या जानेवारीत मर्सी नावाची दुसरी मुलगी गेली. वय वर्षं 19. शेजारी-पाजारी म्हणायला लागले, या घरातलं कोणीतरी मेलेलं जिवंताचं रक्त शोषतंय. मार्च महिन्यात तिघींची प्रेतं बाहेर काढली. आई आणि मोठी मुलगी यांची हाडं उरली होती. मर्सी मात्र दोन महिन्यांचीच, त्यात ऐन हिवाळा, आणि तिला दफनाआधी दगडी खोलीत ठेवलेलं. ती ताजी दिसणारच. काळजात रक्त सापडलं. झालं! तिचं काळीज जाळलं, राख पाण्यात कालवली आणि आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला.

या घराला काय झालं होतं, हे आमच्या खात्यातला साधा कर्मचारीसुद्धा सांगेल. क्षयरोग. टीबी. रंग पांढरा पडतो, माणूस दिवसेंदिवस वाळतो, रात्री घाम फुटतो, छातीवर ओझं वाटतं, खोकल्याबरोबर ओठाला रक्त येतं. आणि एका घरात, एका खोलीत झोपणाऱ्यांना एकामागून एक होतो. पोरांनी मला मोबाईलवर दाखवलेलं चित्र आठवा. पांढरा चेहरा, ओठाच्या कडेला रक्त, आणि ज्याला चावला तोही तसाच होतो. सांगा बरं, हे चित्र कशाचं आहे?

मन कष्टी होतं ते यामुळे, की रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरानं क्षयाचा जंतू शोधल्याचं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं होतं. म्हणून 24 मार्चला आपण जागतिक क्षयरोग दिन पाळतो. म्हणजे मर्सीचं काळीज जाळलं तेव्हा खरा गुन्हेगार सापडून दहा वर्षं होऊन गेली होती. पण प्रयोगशाळेतली बातमी गावात पोचायला दहा वर्षं कमी पडली. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे रक्त पिणारं भूत आहे का? इंग्रजांना वाटलं, आहे. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजानं 1870 साली विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. आता तुम्हीच सांगा, आपला वेताळ कधी कोणाचं रक्त प्याला? आपल्या पिढीनं तो ‘चांदोबा’त वाचला, नंतरच्यांनी 1985 साली दूरदर्शनवर पाहिला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी तर ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली ती इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीलाच. या सगळ्यात वेताळ करतो काय? राजाच्या खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. खरा अपराधी कोण? खरा हक्कदार कोण? माहीत असून उत्तर दिलं नाहीस तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील. असलं भूत जगात दुसरीकडे सापडायचं नाही. ते मानेला चावत नाही, विचार करायला लावतं. कोकणात तर तो गावाचा राखणदार. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे नवसाला केळीचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. का, तर देव रात्री गावाभोवती फिरतो, त्याच्या चपला झिजतात. ज्या गावानं भुतांच्या राजालाच पहारेकरी नेमलं, त्या गावाच्या अकलेला दाद द्यायला पाहिजे.

प्रेत थडग्यातून उठून येतं ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजली नाही, त्याचं कारण मला वाटतं, आपल्यातले बहुतेक लोक प्रेत जाळतात. काही समाजांत पुरतात, लहान लेकरंही पुरतात, पण राख झालेला माणूस उठून यायचा कसा? म्हणून आपल्याकडची भुतं शरीर सोडून आली. झाडावर बसली, विहिरीत राहिली, आणि माणसाच्या अंगात शिरली.

या भुतांची यादी आपल्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ असायची. हडळ, अलवंतीण, मुंजा, समंध, गिऱ्हा, आसरा, खवीस, झोटिंग, चकवा. पोरं हसतायत, हसू द्या. पण मी एकदा ही यादी आरोग्य खात्याच्या नजरेनं वाचली आणि चाट पडलो. ही गावाची मृत्यू-नोंदवही आहे, मंडळी. रजिस्टर आहे रजिस्टर! फक्त मरणाच्या कारणाऐवजी भुताचं नाव लिहिलंय.

हडळ कोण? बाळंतपणात किंवा त्यानंतर दहा दिवसांच्या आत मेलेली बाई. अलवंतीणही तीच, बाळंतपणात गेलेली. बाळंतपणात बाया कशानं मरायच्या? रक्त जाऊन, नाहीतर जंतू शिरून ताप भरल्यानं. हा ताप येतो तो पहिल्या दहा दिवसांतच. म्हणजे वैद्यकाच्या पुस्तकात जी मुदत आहे, तीच मुदत हडळीच्या व्याख्येत आहे. आमच्या माणसांचं निरीक्षण किती पक्कं होतं, बघा. गावागावात हडळी होत्या, कारण गावागावात बाया बाळंतपणात मरत होत्या.

पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सटवाईचं पण तसंच. लेकरू चांगलं दूध पीत असतं, पाच-सात दिवसांनी जबडा आवळतो, दूध ओढेना, अंग धनुष्यासारखं वाकतं आणि लेकरू जातं. सटवी लागली म्हणायचे. तो धनुर्वात. नाळ कापायला विळा, गंजलेली पात, नाळेला लावायला राख नाहीतर शेण. जंतू तिथून शिरायचा आणि आठवड्याच्या आत-बाहेर घाव घालायचा. पाचवी पुजायला माझी ना नाही. आमच्या घरी नातवाची पाचवी पुजली, मी स्वतः पाटावर वही-पेन ठेवलं. पण त्याच्या आईला गरोदरपणात धनुर्वाताची लस दिली होती आणि नाळ दवाखान्यात निर्जंतुक पात्यानं कापली होती. अशा लशी आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांच्या जोरावर 2015 साली आपला देश माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला पोरगा. पटकी, देवी, हिवताप, साप, यांनी किती पोरं नेली याचा हिशोब कोण ठेवणार? पिंपळानं ठेवला. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेला. ज्या डोहात गिऱ्हा, त्या डोहात भोवरा असतो नाहीतर गाळ असतो. पूर्णेच्या काठावरच्या जुन्या माणसांना विचारा, पोरांना त्या डोहाकडे जाऊ न द्यायला गिऱ्ह्याइतका चांगला पहारेकरी नव्हता. चकवा म्हणजे अंधाऱ्या रानात वाट चुकलेला माणूस. येलदरीला धरण झालं, तिथे 22.5 मेगावॉटचं वीजघर आलं, खांब गावात आले, आणि चकवा आपोआप कमी झाला. भारनियमनात परत दिसतो म्हणतात, पण त्याला आपण महावितरणवर सोपवू.

आणखी एक गंमत लक्षात घ्या. नव्वद वर्षांचा म्हातारा, पणतवंडं मांडीवर खेळवून, खाटेवर शांतपणे गेला, त्याचं भूत कोणी पाहिलंय? कोणीच नाही. भूत होतं ते कोवळ्या बाळंतिणीचं, अकरा वर्षांच्या पोराचं, विहिरीत सापडलेल्या सुनेचं. जे मरण व्हायला नको होतं आणि झालं, त्याचं भूत होतं. गावाला आतून कळत असतं, की हे मरण चुकीचं होतं. कोणाला तरी जाब विचारायला पाहिजे होता, तो विचारला नाही, म्हणून ते पिंपळावर जाऊन बसलं. महाराष्ट्रात 2018 ते 2020 च्या सरकारी पाहणीप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू झाले. तेही व्हायला नकोत, पण पूर्वीच्या मानानं ते फार थोडे आहेत. आणि नव्या हडळींच्या गोष्टी तुम्ही हल्ली ऐकल्या आहेत का? जुन्याच सांगितल्या जातात. हडळ मांत्रिकानं नाही घालवली. ती दाईच्या प्रशिक्षणानं, नर्सबाईंनी, आशाताईंनी आणि 108 च्या गाडीनं घालवली.

पोरं म्हणतील, आजोबा, रक्त पिणाऱ्यांचं काय झालं? आहेत बाबांनो, आपल्याकडे आहेत. पण त्यांना सुळे नाहीत. आधी वटवाघळाची बाजू मांडतो, कारण त्याच्यावर फार अन्याय झालाय. जगात वटवाघळांच्या चौदाशेच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या फक्त तीन जाती रक्त पितात आणि त्या तिन्ही अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे. भारतात एकही नाही. आपल्या वड-पिंपळावर लटकणारी मोठी वटवाघळं फळं खातात, बिया लांबवर पसरवतात. लहान जाती किडे खातात. तेव्हा त्यांना दगड मारू नका.

खरा रक्त पिणारा म्हणजे अंकुशकृमी. जंताचाच प्रकार, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या ओल्या मातीत त्याची अळी असते, अनवाणी पायाच्या कातडीतून ती शिरते, आतड्यात जाऊन चिकटते आणि तिथे वर्षानुवर्षं रक्त पिते. एक जंत दिवसाला जेमतेम थेंब-दोन थेंब पितो, पण आत शंभर असले तर? बाई पांढरी पडते, धाप लागते, चार पायऱ्या चढली की बसते. मग म्हणतात, हिला बाहेरचं लागलंय, कोणीतरी हिचं रक्त शोषतंय. शोषतंय हे खरंच आहे! फक्त त्याला उतारा नारळ-लिंबाचा चालत नाही, एका गोळीचा लागतो. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला ती गोळी फुकट देतात. त्यात पोटाला पुरेसं नाही, बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणार. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. माता-भगिनींनो, तुमच्यातल्या किती जणींनी आपलं हिमोग्लोबिन तपासलंय? हात वर करा बरं. बघा, मोजायला एक हात पुरला.

इथवर सगळं हसण्यावारी नेलं. आता जे सांगायचं आहे त्यात हसण्यासारखं काही नाही.

मेलेल्याच्या भुतानं आजवर कोणाचा जीव घेतला नाही. पण जिवंत माणसाला भूत ठरवलं की जीव जातो. नोकरीत असताना मी तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. एका घरात दोन वर्षांत दोन माणसं गेली होती, आधी सासरा, मग थोरला मुलगा. दोघांनाही खोकला. आता धाकटा खोकत होता. मी बेडका तपासायची डबी घेऊन गेलो, तर घराला कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “सायेब, त्यायनी देवऋष्याकडं नेलंय. घरातच हाय म्हनं खानारी.” खाणारी म्हणजे कोण? थोरल्याची बायको. वय असेल पंचविशीच्या आत. ती लग्न होऊन आली आणि घरात मरणं सुरू झाली, एवढाच तिच्याविरुद्धचा पुरावा. रात्री ती उठते, ओट्यावर बसते, म्हणजे काहीतरी करत असणार. अहो, नवरा मेलेली बाई, तिला झोप लागणार कशी?

दुसऱ्या खेपेला ती मला गोठ्यात भेटली. ताटली वेगळी, पाण्याचा तांब्या वेगळा. तिच्या हातचं कोणी खात नव्हतं. मी तिला विचारलं, बाई, तुला खोकला येतो का? ती म्हणाली, “येतो, पर म्या सांगत नाही. सांगितलं तर म्हनतील, हिचंच हिला भोवलं.” मंडळी, एक्झिटर गावच्या मर्सीची गोष्ट मी पुढे कधीतरी वाचली, तेव्हा मला आधी हिचा चेहरा दिसला. तिथे निदान दोष मेलेल्या मुलीला दिला, तिला तो ऐकू येत नव्हता. आपल्याकडे तो जिवंत बाईला दिला, आणि ती तो ऐकत गोठ्यात बसली होती.

सासू कठोर नव्हती. नवरा गेला, मुलगा गेला, दुसरा चाललाय, त्या माऊलीला कोणीतरी कारण सांगायला पाहिजे होतं. दवाखान्यानं सांगितलं नाही, देवऋष्यानं सांगितलं. मी तिच्यासमोर बसलो आणि अंगणातल्या धुळीत काडीनं चित्र काढून सांगितलं, की आजोबांच्या खोकल्यातून जंतू थोरल्याला, थोरल्याकडून धाकट्याला आणि सुनेलाही. म्हटलं, माय, ही खाणारी नाही, हीसुद्धा खाल्ली जातेय. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेला हाक मारून म्हणाली, “चहा ठेव गं.” तिच्या हातचा चहा त्या घरात किती दिवसांनी झाला असेल कोण जाणे. दोघांचेही बेडके तपासले, दोघांमध्येही जंतू निघाले. सहा महिने गोळ्या घेतल्या, दोघंही वाचले. सहा महिन्यांच्या गोळ्या, बाकी काही नाही. त्या तेव्हाही फुकट होत्या, आजही फुकट आहेत. आता तर उपचार चालू असताना सकस खाण्यासाठी सरकार महिन्याला 1000 रुपये खात्यात टाकतं.

मी मघाशी म्हणालो, शोध लागून दहा वर्षं झाली तरी बातमी एक्झिटरला पोचली नव्हती. आपल्या त्या गावात शंभरहून जास्त वर्षांनीही ती पोचली नव्हती. औषध पोचलं होतं, प्राथमिक आरोग्य केंद्र जवळच होतं. बातमी तेवढी पोचायची राहिली होती.

म्हणूनच कायदा करावा लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं त्याच्या मागे होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या झाडून खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्यात काय आहे, हे घरोघरी माहीत असावं म्हणून थोडक्यात सांगतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, साखळीनं बांधणं, चटके देणं हा गुन्हा. एखादी व्यक्ती करणी करते, चेटूक करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. साप, विंचू, कुत्रं चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. पूजा, वारी, कीर्तन, हरिपाठ, प्रदक्षिणा यांना कायदा हात लावत नाही. तेव्हा देवाधर्मावर गदा आली अशी आवई कोणी उठवली तर ऐकू नका.

आणि देवाधर्माचंच म्हणाल, तर आपण संतांच्या मुलखातले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भुतावर भारूड रचलं आहे. त्यात बाईला झपाटणारं भूत कोण निघतं? साक्षात पांडुरंग. लोकांच्या मनातली भीती नाथांनी हातात घेतली आणि तिचा विठ्ठल करून परत दिली. गाडगेबाबा कीर्तनात नवस-कोंबड्यावर लोकांना प्रश्न विचारत, हसवत आणि मग त्यांच्याकडूनच उत्तर काढत. वेताळासारखंच! आपली परंपरा घाबरवणारी नाही, प्रश्न विचारणारी आहे.

शेवटी आपल्या घरचं बोलतो. जुन्या सभासदांना आठवत असेल, ही जागा घेतली तेव्हा इथे बाभळीचं रान होतं आणि अलीकडे नाला. गावातली मंडळी म्हणायची, तिकडं कोण राहणार, ती जागा लाभायची नाही. पहिली दोन-तीन घरं बांधली त्यांच्या दारावर बिब्बा, लिंबू, काळी बाहुली, सगळा बंदोबस्त होता. पंचवीस वर्षं झाली. या जागेत किती लग्नं लागली, किती बारशी झाली, किती पोरं इथून शिकून पुण्या-संभाजीनगरला गेली, हे याच स्मरणिकेत पुढच्या पानांवर आहे. जागेनं काय बिघडवलं? नाल्यावर झाकण टाकलं, डास कमी झाले, तेव्हा हिवतापही कमी झाला. एवढाच त्या जागेचा दोष होता.

पण मंडळी, कुजबूज अजून संपलेली नाही. अमुक घर भाड्यानं जात नाही, कारण तिथे लागोपाठ दोघं गेले. अमुक बाईसमोर लेकराला नेऊ नका, दृष्ट लागते. अमुक काकू एकट्या राहतात, त्यांच्या हातचा प्रसाद लेकरांना देऊ नका. मी नावं घेत नाही, घ्यायची गरज नाही, आपल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहेत. त्या काकूंना पण ठाऊक आहेत. आपण कोणाला गोठ्यात बसवलेलं नाही, हे खरं. पण त्यांच्या दारावरून जाताना लेकराचा हात जरा ओढून धरतो, तो कशासाठी?

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं तीन मागण्या मांडतो. संचालक मंडळानं त्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्याव्यात. एक, वर्षातून एकदा आपल्या सभागृहात तपासणी शिबिर: बायांचं आणि मुलींचं हिमोग्लोबिन, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असणाऱ्या प्रत्येकाची बेडका तपासणी. ग्रामीण रुग्णालयाशी बोलायची जबाबदारी माझी. दोन, ते बंद घर. मालकांची हरकत नसेल तर पोरांची अभ्यासिका तिथे सुरू करू. पहिले आठ दिवस रात्री दहापर्यंत मी तिथे बसतो. भूत आलंच, तर वेताळासारखं त्याला एक-दोन प्रश्न विचारीन म्हणतो.

आणि तिसरी मागणी माझ्या भगिनींकडे. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं या वसाहतीतल्या प्रत्येक घरी जावं. नवरा असलेल्या, नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या, सगळ्यांच्या घरी. आणि बोलावणं घेऊन लेकरांना पाठवावं, म्हणजे ती त्या दारात बिनधास्त जायला शिकतील. तिळगूळ त्यांच्याच हातचा आधी खावा.

 दिलेला विषय थोडा बदलला, त्याबद्दल संचालक मंडळानं सांभाळून घ्यावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र.